मागच्या ढिगातलं खत

दवाखान्यात सगळे त्यांना अजून ड्रायव्हरकाकाच म्हणायचे. गाडी सुटून दीड वर्ष झालं होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी रुग्णवाहिका चालवली. मग एका वार्षिक तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोरचा तक्ता वाचायला सांगितला, तर ओळीतली कडेची अक्षरं दिसत होती आणि मधली दिसत नव्हती. मधोमध नुसता राखाडी डाग. डॉक्टर म्हणाले, "यापेक्षा जास्त बिघडेल असं वाटत नाही, पण गाडी मात्र आता बंद." काकांनी त्याच दुपारी किल्ली मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवली आणि घरी जाऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन आला. बागेचा माळी निवृत्त झालाय, जागा रिकामी आहे, काकांनी यावं. बागकामातलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं. पण घरी बसून बायकोच्या पायात पायात येण्यापेक्षा ते बरं, असं बायकोचंच मत पडलं.

पहिलं वर्ष गवत कापण्यात आणि नळ्या गुंडाळण्यात गेलं. मग दवाखान्याची नवी इमारत झाली. फाटकापासून तिच्या दारापर्यंत लांबलचक सरळ रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना उघडी जमीन. माणसं उन्हात चालत यायची आणि दारात पोचेपर्यंत आणखी थोडी आजारी व्हायची. मेट्रनबाईंनी रोपवाटिकेतून छत्तीस रोपं आणवली, सावलीच्या झाडांची, कमरेएवढी. "हे तुमचं काम, काका," त्या म्हणाल्या. "मी मधे पडणार नाही."

काकांनी खड्डे स्वतः खणले. दोरी लावून, पावलं मोजून, अगदी सरळ रेषेत. कडेनं बघायची त्यांना आता सवय झाली होती. मान जरा तिरकी करून ते रोपांच्या ओळीकडे बघत आणि खूश होत. गाडी गेल्यापासून पहिल्यांदाच आपलं म्हणावं असं काही त्यांच्या हाती आलं होतं.

ही बातमी त्यांच्या ताईला कळली. ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा भावाला न्हाऊमाखू घालणं, शाळेत पोचवणं, परीक्षेच्या आदल्या दिवशी कान धरून बसवणं हे सगळं तिनंच केलं होतं. आता शहराच्या कडेला तिचा गोठा होता, चौदा गाई होत्या, आणि आसपासची भाजी लावणारी सगळी घरं तिच्याकडून शेणखत नेत. तिचा आवाज असा, की फोनची गरजच नसावी.

"झाडं लावलीस आणि मला सांगितलं नाहीस?" ती म्हणाली. "खत माझ्याकडून न्यायचं. गाडी घेऊन ये आणि हवं तेवढं भर."

दवाखान्याचा छोटा टेम्पो घेऊन नवा ड्रायव्हर आणि काका गेले आणि गच्च भरून आले. लागवड होऊन तीन आठवडे झाले होते. काकांनी प्रत्येक रोपाच्या आळ्यात घमेली रिकामी केली, कंजूषी केली नाही. आळं भरलं तरी राहिलं, म्हणून उरलेलं खोडाभोवती रचलं, गुडघ्यापर्यंत, आणि फावड्याच्या पाठीनं थापटून गोल केलं. काम संपलं तेव्हा छत्तीस रोपं छत्तीस छोट्या टेकड्यांतून डोकं काढून उभी होती.

मेट्रनबाई नाकाला रुमाल लावून आल्या. "काका, पेशंट लांबूनच परत फिरतायत. मला वाटलं, आपल्या उपचारांची कीर्ती पसरली."

"आठवडाभर कळ काढा, बाई. झाडं बघा कशी उसळतात."

झाडं उसळली नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी पाणी घालताना काकांच्या हाताला एक पान लागलं आणि पापडासारखं मोडलं. त्यांनी खालचं दुसरं पान चाचपलं. कडा कुरकुरीत. शेजारच्या रोपाची तशीच. त्याच्या पुढच्याचीही. मान इकडून तिकडे तिरकी करत ते ओळीच्या टोकापर्यंत गेले. कडेच्या नजरेला हिरव्याऐवजी तपकिरी दिसत होतं, सगळीकडे.

त्या दिवशी त्यांनी पाणी जास्त घातलं. दुसऱ्या दिवशी कमी घातलं. तिसऱ्या दिवशी दोन पानं तोडून खिशात घातली आणि बियाण्यांच्या दुकानात गेले.

दुकानदार आत पोती लावत होता. पानं बघायला त्याला वेळ नव्हता. "खत कुठलं घातलं?" त्यानं आतूनच विचारलं.

"शेणखत. घरचंच म्हणा."

"गाई काय खातात? विकतचं सुकं गवत?"

"असेल."

दुकानदार बाहेर आला. "मग आधी ते गवत कुठून येतं ते बघा. हल्ली काही कुरणांवर तणनाशक मारतात. रुंद पानांचं तण मरतं, गवत टिकतं. गाय ते गवत खाते, तिला काही होत नाही. पण औषध शेणातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि ते शेण झाडाला घातलं की झाडाचा निकाल. शेंडे वाकडे होतात, पानं मुडपतात. तुमची मुडपलीत का?"

काकांनी खिशातली पानं काढून डोळ्यांपुढे धरली. मधोमध तोच राखाडी डाग. पान मुडपलेलं आहे की नुसतं सुकलेलं, हे ज्या जागी कळायचं तीच जागा त्यांना दिसत नव्हती. "तुम्हीच बघा ना," असं म्हणायचं होतं, पण तेवढं कबूल करणं त्यांना जमलं नाही. ते म्हणाले, "बघतो," आणि निघाले.

घरी बायको शिवणयंत्रावर बसली होती. काकांनी पानं तिच्या पुढ्यात ठेवली. "ही मुडपलीत का गं?"

तिनं चष्मा लावला. "मुडपलीत खरी. पण वाळलेलं पान मुडपणारच. काय झालंय?"

काकांनी सगळं सांगितलं. तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"मग ताईंना विचारा ना, गवत कुठून घेतात ते. त्यात काय एवढं?"

"ताईला?" काका खुर्चीत बसले. "अगं, काय विचारू? तुझ्या खतात विष आहे का, असं? तिचं खत निम्म्या गावाच्या भाजीत जातं. हे खरं निघालं तर कुणी तिच्या दारात उभं राहील का? आणि खोटं निघालं तर ती मला उभं करेल का?"

"आणि मेट्रनबाईंना?"

काका पानं परत खिशात घालायला लागले. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं. गाडी काढून घेतली तेव्हा कुणाची चूक नव्हती, डोळ्यांचीही नाही. ही मात्र त्यांच्या हातांनी झाली होती.

बायको त्यांना चांगली ओळखून होती. तिनं वाद घातला नाही. "रोपं जिथून आणली त्या बाईंना तरी बोलवा," ती म्हणाली. "त्यांचीच लेकरं ती. त्या रागावल्या तरी आपल्या नात्यातल्या नाहीत."

रोपवाटिकेच्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. पन्नाशीच्या, पायात मातीचे बूट, बोलणं मोजकं. त्यांनी पानांकडे पाहिलंच नाही. पहिल्या रोपाशी वाकून त्यांनी सरळ त्या टेकडीत हात खुपसला आणि बाहेर काढला.

"हात घाला, काका."

काकांनी घातला. आत ऊब होती, चहाचा कप धरावा तशी.

"हे खत नाही, हे अजून शेणच आहे. कच्चं. कुजायला लागलंय, म्हणून तापलंय. कोवळी मुळं आधी भाजली, मग क्षारांनी करपली. आणि खोडाला चिकटवून कुणी ठेवतं का? साल कुजते. हे सगळं आत्ताच्या आत्ता ओढून काढा. आळी मोकळी करा आणि भरपूर पाणी द्या, खोलवर जाईल असं. दोनतीन वेळा, म्हणजे क्षार खाली निघून जातील."

"म्हणजे तणनाशक नाही?" काकांचा आवाज एकदम चढला.

बाईंनी आता पान हातात घेतलं, उलटसुलट केलं. "मला तरी हे करपणंच वाटतंय. पण शेंडेच सुकलेत, त्यामुळे शपथ घेऊन सांगता येणार नाही. दोन्ही असू शकतं. ते औषध असेल तर शेण कुजलं तरी जात नाही, आणि मग ही रोपं वाचायची नाहीत. खात्री करायची तर घेवडा लावा."

"घेवडा?"

"घेवड्याला ते औषध जराही सोसत नाही. त्याच गोठ्यातलं जुनं, कुजलेलं खत आणा. हे कच्चं नको, त्यानं बी तसंही जळेल. दोन कुंड्यांत ते मातीत मिसळा, दोन कुंड्यांत साधी माती. चारींत बी लावा. जोडीची पहिली पानं आली की लगेच नाचू नका, तीन दलांचं पान येऊ द्या. तीन आठवडे धरा. विष असेल तर शेंडा पिळवटतो, पान चमच्यासारखं होतं. नसेल तर सरळ वाढतो."

जाताना त्यांनी एका रोपाची साल नखानं किंचित खरवडली आणि काकांचं बोट धरून तिथे टेकवलं. "ओलं लागतंय? आत हिरवं आहे. तोवर आशा सोडायची नाही."

काकांनी तो दिवस आणि पुढचा दिवस टेकड्या उपसण्यात घालवला. खोडाजवळचं हातानं काढलं, बाकीचं फावड्यानं, आणि सगळं भिंतीकडेला नेऊन टाकलं. कंबर बोलायला लागली तरी थांबले नाहीत. मेट्रनबाईंनी खिडकीतून एकदा पाहिलं, पण मधे न पडण्याचा शब्द त्यांनी पाळला.

मग प्रश्न उरला जुन्या खताचा. काका ताईच्या गोठ्यावर गेले आणि जन्मात जमलं नव्हतं ते करायला लागले, म्हणजे खोटं बोलायला.

"घरी कुंड्या लावतोय," ते म्हणाले. "पिशवीभर जुनं खत दे. तळचं."

ताई गाईच्या पाठीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. "तुझ्या घरात एक कुंडी जगली नाही आजवर."

"म्हणून तर जुनं हवंय."

"खरं सांग, बरा आहेस ना?"

"बराय गं."

तिनं मागच्या ढिगाच्या तळातून पिशवी भरून दिली. काकांनी हात घातला तर काळं, भुसभुशीत, थंड. वासही मातीचाच. हे आणि आपण टेम्पोतून नेलेलं ते, यांचं नातं तरी काय, असं त्यांच्या मनात आलं, पण तिथे विचारायची सोय नव्हती. निघता निघता मात्र त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गवत हल्ली कुठून घेतेस?"

"नवा माणूस मिळालाय. आठ महिने झाले. छान गवत, एक तण नाही त्यात."

एक तण नाही. काका घरापर्यंत तेच शब्द घोळवत गेले.

चार कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बसल्या. कुठली कुठली ते विसरायला नको म्हणून बायकोनं चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत लिहून लावलं. दोन कुंड्यांवर 'साधी', दोन कुंड्यांवर 'ताई'.

"हे काय लिहिलंस?"

"मग काय लिहू? 'संशयित'?"

ताई कधी त्यांच्याकडे न सांगता येत नसे. आणि नेमकी पाचव्या दिवशी आली. भावाचा चेहरा त्या दिवशी बरा दिसला नव्हता, म्हणून सकाळचं दूध काढून झाल्यावर तशीच आली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि खिडकीपाशी थबकली. तिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं असं नाही.

"हे मी आहे?" तिनं एका कुंडीवर बोट ठेवून विचारलं. कुंडीत नुकती मातीला भेग पडली होती.

बायकोनं काकांकडे पाहिलं. काकांनी भिंतीकडे पाहिलं.

"बस, ताई," शेवटी ते म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. पानं, दुकानदार, तणनाशक, रोपवाटिकेच्या बाई, घेवडा. ताईनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही, आणि ते फार भीतीदायक होतं. सगळं संपल्यावर तिनं एकच विचारलं, "झाडांना नेलंस ते कुठल्या ढिगातलं नेलंस?"

"दारापाशी होता त्यातलंच."

"मी काय सांगितलं होतं?"

काका आठवायला लागले. ती गोठ्यातून काहीतरी ओरडली होती खरी. टेम्पो दारातून आत घ्यायचा तर अरुंद वाटेनं मागे मागे न्यावा लागला असता. नव्या ड्रायव्हरला ते जमेना. पूर्वी काकांनी एका हातानं नेला असता. आता शेजारी उभं राहून दुसऱ्याची फजिती बघायची आणि आपण काही करू शकत नाही हे सगळ्यांना दिसू द्यायचं, हे त्यांना नको होतं. म्हणून ते म्हणाले होते, इथलंच भर, शेण ते शेण.

"मागच्या ढिगातलं ने, असं मी ओरडून सांगितलं होतं," ताई म्हणाली. "दारातला ढीग महिन्याभराचाही नव्हता. ते मी माझ्या वैऱ्याच्या वांग्यालाही घालणार नाही. सहा महिने कुजू दिल्याशिवाय मी कुणाला टोपलीभर देत नाही, आणि माझा सख्खा भाऊ..." ती थांबली. तिनं पुन्हा कुंडीकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "पण ते गवत. तू म्हणतोस तसं असेल तर मागचा ढीग सात महिन्यांचा, त्यातही ते असणारच."

"असं काही नाही, ताई."

"तुला काय माहीत असं नाही म्हणून? एक तण नव्हतं रे त्या गवतात. मी कौतुक करत होते." ती स्टुलावर बसली. एवढी मोठी बाई, पण बसल्यावर लहान दिसायला लागली. "माझ्या खतावर लोकांची पोरं भाजी खातात. कुणाची रोपं मेली तर लोक म्हणतात, आमचंच काही चुकलं असेल. माझ्यापर्यंत कुणी येतही नाही. तू तरी का आला नाहीस?"

"तुला लागेल म्हणून."

"लागलं असतं. मग बरं झालं असतं. हे असं खिडकीत माझ्या नावाची पाटी बघणं काय कमी लागलं?"

बायकोनं चहा ठेवला. मग ताईनं नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि मेट्रनबाईंना सांगितलंस?"

"नाही."

"उद्या सकाळी जाऊन सांग. मी पण घरी गेले की त्या माणसाचं गवत बंद करते, दुसरीकडून आणते. आणि या घेवड्याचा निकाल लागेपर्यंत एक घमेलं बाहेर जाणार नाही माझ्याकडून. लोक विचारतील तर सांगेन, तपासतेय."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. तपासतेय म्हटल्यावर कुणी मरत नाही."

दुसऱ्या दिवशी काका मेट्रनबाईंच्या खोलीत गेले. टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"बोला."

"माझी चूक झालीय, बाई. झाडांना मी कच्चं शेण घातलं. आता काढलंय. काही वाचतील, काही नाही. कदाचित एकही नाही, ते अजून कळायचंय."

"आणि?"

"आणि काय? एवढंच."

मेट्रनबाईंनी पाठ खुर्चीला टेकली आणि इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचा कागद हलला. "काका, तुम्ही दहा-बारा दिवस माझी नजर चुकवताय. मला वाटलं, तुम्ही काम सोडायला आलात. डोळ्यांचं आणखी काही झालं असं वाटलं."

"डोळे आहेत तसेच आहेत."

"मग ठीक आहे. झाडं पुन्हा लावता येतात. पण पुढच्या वेळी असं काही झालं तर त्याच दिवशी सांगा. गाडीचा ब्रेक लागेना तर तुम्ही मला दहा-बारा दिवसांनी सांगितलं असतं का?"

"नाही."

"झालं तर."

काका बाहेर आले तेव्हा त्यांना जाणवलं, की आपण कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतोय. अर्धं ओझं उतरलं होतं. उरलेलं अर्धं खिडकीत होतं.

घेवडा उगवला. 'साधी'तला दोन दिवस आधी, 'ताई'तला मागून. त्या दोन दिवसांत ताईनं सात वेळा फोन केला. उगवल्यावर पहिली जोडीची पानं आली, चारी कुंड्यांत. बायको नाचायला निघाली, काकांनी तिला रोपवाटिकेच्या बाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली. मग एका 'ताई'त शेंडा जरा कललेला दिसला, आणि दोन दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही. नंतर कळलं, कुंडी खिडकीच्या कोपऱ्यात होती आणि रोप बिचारं उजेडाकडे वळत होतं. कुंडी फिरवली, शेंडाही फिरला.

काका रोज सकाळी बोटांनी बघायचे. डोळ्यांवर त्यांनी या कामात भरवसा ठेवला नाही. खोडावरून बोट वर न्यायचं, पेर मोजायचं, पानाची कड चाचपायची. गुळगुळीत आहे की चुण्या आहेत, सपाट आहे की वाटीसारखी. बायको त्यांच्या मागे उभी राहून तेच डोळ्यांनी बघायची, आणि दोघं आपापलं मत एकदम सांगायचे. बहुतेक वेळा जुळायचं.

एकविसाव्या दिवशी रोपवाटिकेच्या बाई स्वतः आल्या. ताई आधीच येऊन बसली होती, धुतलेली साडी नेसून, जणू निकाल ऐकायला शाळेत आली होती. बाईंनी चारी कुंड्या टेबलावर ओळीनं मांडल्या. तीन दलांची पानं सगळ्यांत उघडली होती. त्यांनी एकेक शेंडा दोन बोटांत धरून पाहिला, पान उजेडात धरलं, शिरा बघितल्या. मग 'ताई'ची एक कुंडी उचलून ताईच्या मांडीवर ठेवली.

"तुमचा घेवडा साध्या मातीतल्यापेक्षा जाड आहे," त्या म्हणाल्या. "खत उत्तम आहे. काही विष नाही."

"नक्की?"

"नक्की. असतं तर एव्हाना या पानाची दोरी झाली असती."

ताईनं कुंडीकडे पाहिलं, मग भावाकडे. आणि मग ती जी हसायला लागली, ती थांबेचना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि कुंडी मांडीवरून पडता पडता राहिली. "जाड आहे म्हणे!" ती म्हणत होती. "ऐकलंस? मी जाड आहे!" बायकोही हसायला लागली. रोपवाटिकेच्या मोजकं बोलणाऱ्या बाईही हसल्या. काका मात्र हसले नाहीत. ते खुर्चीत मागे टेकले, डोळे मिटले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

झाडांची सगळी पानं तोवर गळून गेली होती. छत्तीस काठ्या ओळीत उभ्या होत्या, आणि येणारेजाणारे मेट्रनबाईंना विचारत होते, हे कुंपण अर्धवट का सोडलंय. घेवड्याच्या निकालानंतर आठवडाभरानं काका पाणी घालता घालता नेहमीसारखं एका खोडावरून बोट फिरवत होते आणि ते बोट अडखळलं. तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, टणक, टोकदार. त्यांनी मान तिरकी केली. कडेच्या नजरेला हिरवा ठिपका दिसला. त्याच्या वर आणखी एक.

नळी तशीच वाहत सोडून ते पुढच्या झाडाकडे गेले. मग पुढच्या. प्रत्येक झाडापाशी वाकून खोडावरून बोट फिरवत, पाणी पायावरून वाहतंय याचं भान नसलेले काका मेट्रनबाईंना खिडकीतून दिसले, आणि त्या मधे न पडण्याचा शब्द मोडून बाहेर आल्या.

"तेहतीस," काका त्यांना म्हणाले. "तेहतीस जिवंत आहेत. तीन गेली."

"तीन परत लावू."

"हो. पण आता मी सांगेन तसं."

"आता?" मेट्रनबाई म्हणाल्या. "मला वाटलं, हे सगळं तुम्ही सांगाल तसंच चाललंय."

ती तीन लावायच्या दिवशी ताईही आली. टेम्पो या वेळी थेट मागच्या ढिगापर्यंत गेला. ड्रायव्हर मागे घेत होता आणि काका मागे उभे राहून त्याला सांगत होते, "डावीकडे, आणखी, बस, सरळ," आणि एकदाही भिंतीला घासलं नाही. दवाखान्यात ताईनं खत स्वतः घातलं. छत्तिसांनाही, नव्या-जुन्या सगळ्यांना. दोन बोटं जाड थर, पसरून, आणि खोडाच्या भोवती वीतभर जागा मोकळी.

"एवढंच?" काका म्हणाले.

"एवढंच. वरून पाचोळा टाक आणि गप्प बस. झाडाला भूक लागली की ते मुळं लांब करून घेतं."

काम संपल्यावर दोघं रस्त्याकडेच्या बाकावर बसले. वास येत नव्हता, फक्त ओल्या मातीचा. फाटकातून एक म्हातारं जोडपं आत आलं, हातात फाइल, आणि त्यांनी काकांना विचारलं, तपासणी कुठे होते.

"सरळ जा, रस्ता संपेल तिथलं दार," काका म्हणाले. "ऊन आहे, सावकाश जा."

म्हातारी जाता जाता एका झाडाशी थांबली आणि कोवळ्या पानाला तिनं हात लावून पाहिला. ताईनं भावाला कोपरानं ढोसलं. काकांनी पाय लांब केले, मान बाकाच्या पाठीला टेकवली आणि भर दुपारी, मेट्रनबाईंच्या खिडकीच्या अगदी समोर, गाढ झोपून गेले.